डाव्या हाताचा निरोप

१

काच फुटल्याचा आवाज कोणीच ऐकला नव्हता, आणि मोमार सेकला सगळ्यात जास्त राग त्याचाच येत होता.

“एका बाजूला मासळीवाला, दुसऱ्या बाजूला गंगावनांचं दुकान, समोर दिवसभर भांडणारे टॅक्सीवाले. एवढी माणसं असून एकालाही ऐकू येऊ नये?” तो लाकडी खोक्यावर बसून म्हणाला. “एरवी मी शिंकलो तरी पलीकडून दुवा देतात.”

रोखाया गेये आत आली. चपला दाराशी काढून ती भिंतीजवळ गेली. भिंतीत खुंटीच्या जागी एक भोक होतं, त्यातून गिलावा सांडला होता. खाली चौकट तिरकी पडली होती आणि चौकटीला लागून रंगीत काचांचा छोटासा ढीग होता. ढिगाभोवतीची फरशी स्वच्छ होती.

पॅरिसच्या शातो रूज भागातली ही ‘सुनुगाल’ गॅलरी. सेनेगलपासून काँगोपर्यंतच्या आजच्या चित्रकारांची चित्रं मोमार इथे मांडत असे आणि युरोपभर पाठवत असे. पंधरा वर्षं तो एकच भांडण भांडत आला होता. कुठल्याही संग्रहालयात चित्र घेऊन जा, कारकून हसून म्हणायचा, लोकजीवन विभाग तळघरात आहे. म्हणजे ढोल, मुसळं आणि मुखवटे यांच्या शेजारी. यंदा पहिल्यांदा एका मोठ्या संग्रहालयाने आजच्या कलेच्या दालनात एक भिंत दिली होती. त्या भिंतीसाठी निवडलेलं काचेवरचं चित्र म्हणजे हा ढीग. उद्या सकाळी त्यांची गाडी न्यायला येणार होती.

“माम बिगेला दुसरं काढायला सांगावं, तर तेही नाही,” मोमार म्हणाला. “सेनेगलात सेंट लुईला बसलीय म्हातारी. डोळे जवळजवळ गेलेत. डॉक्टर म्हणतो, पावसाळा संपेपर्यंत उजेड दिसेल, मग तोही नाही. तिचं हे शेवटचं काम.”

“इथे कालपासून कोण कोण होतं?”

“मी, सोलेन आणि बिराम. सोलेन दुपारीच गेली. संध्याकाळी मी मशिदीत निघालो तेव्हा बिराम कुलूप लावायला थांबला होता. दोन दिवस रुआंला जातो म्हणाला, मावसभावाकडे. उजव्या काखेत कसलंसं चपटं खोकं, ते सांभाळत डाव्या हातानं कसाबसा माझा हात धरला, आणि मी निघालो. सकाळी येऊन बघतो तर हे.” त्याने कपाळाला हात लावला. “कॉफी घेतेस? विसरलोच, गुरुवार. तुझा उपास. गेये लोक उपास करतात हेच मला खरं वाटत नाही, भाताचा वास आला की तुमचे पाय आपोआप वळतात.”

“आणि सेकांच्या घरी भात शिजतो तेव्हा दार लावून घेतात,” रोखाया हळू आवाजात म्हणाली. गेये आणि सेक यांनी एकमेकांची टिंगल करायची हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, तो दुःखातही चुकवायचा नसतो. पण आज दोघांनाही हसू आलं नाही.

ती विमा कंपनीची तपासनीस होती. फोन सारखा थरथरत होता. वरचे साहेब सकाळपासून एकच सांगत होते: खुंटी निघाली, चित्र पडलं, अपघात लिहा, फाईल बंद करा. तिलाही लिहायला हरकत नव्हती. बिस्मिल्ला म्हणून तिने काचा एकेक करून कागदावर घ्यायला सुरुवात केली. एका तुकड्यात निळी नदी, एकात पिवळ्या लुगड्याचा काठ, एकात होडीचं टोक. मग तळहाताएवढा एक तुकडा आला. त्यावर एकमेकांत गुंतलेले दोन हात होते, एक सुरकुतलेला आणि एक कोवळा.

तो तुकडा तिने उजेडात धरला आणि आपला हात त्याच्या शेजारी धरून बघितला.

“मोमार,” ती म्हणाली, “काच फुटलीय खरी. पण हे माम बिगेचं चित्र नाही.”

२

“उपासानं तुझं डोकं फिरलंय,” मोमार म्हणाला.

“छापील पुस्तिका आण.”

पुस्तिकेच्या मधल्या पानावर चित्राचा फोटो होता. ‘निरोप’, माम बिगे. नदीकाठी उभी असलेली आजी आणि होडीत एक पाय टाकलेला नातू. दोघांनी हात मिळवलेले. डावे हात.

मोमारने पुस्तिका पाहिली, मग तुकडा पाहिला. तुकड्यावरचे दोन्ही हात उजवे होते.

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला त्यांच्याकडे डावा हात देतात. एरवी डावा हात कोणी कोणाच्या पुढे करत नाही, तो अपमानच. पण निरोपाच्या वेळी मुद्दाम ही चूक करायची. मग ती दुरुस्त करायला, उजवा हात द्यायला, जाणाऱ्याला परत यावंच लागतं. नऊ वर्षांपूर्वी बिराम देश सोडून निघाला तेव्हा त्याच्या आजीने, माम बिगेने त्याला असाच डावा हात दिला होता, आणि त्याच वर्षी हे चित्र काढलं होतं; मग डोळे अधू होत गेले. चित्रातला नातू म्हणजे गॅलरीत चित्रं टांगणारा, खोकी बांधणारा, मोमारचा उजवा हात असलेला बिराम. त्याला इतकी वर्षं कागदपत्रं मिळाली नव्हती, म्हणून तो परत जाऊ शकला नव्हता. ती आत्ता कुठे वसंतात मिळाली.

“छापताना फोटो उलटा झाला असेल,” मोमार म्हणाला.

“भिंतीवर तू रोज काय बघत होतास?”

“डावे हात,” मोमार म्हणाला आणि पुस्तिका मिटली.

रोखायाने तुकडा पालथा केला. काचेवरची चित्रं पाठीमागून रंगवतात आणि समोरून बघतात. तिने मागच्या रंगावर नख टेकवलं. नखाची खूण उमटली. नऊ वर्षांचा रंग दगडासारखा झालेला असतो, आणि हा अजून लोण्यासारखा होता.

“कोणीतरी नक्कल केली, ती आणून इथे फोडली, खुंटी उपटली. फोडतानाही गोधडीत गुंडाळून फोडली. उंचावरून पडलेली काच खोलीभर उडते, इथे नुसता ढीग आहे. म्हणून आवाज कोणी ऐकला नाही.”

मोमार उठून उभा राहिला. “मग खरं चित्र कुठेतरी शाबूत आहे?”

“असावं.”

“उद्या सकाळच्या आत मिळेल?”

 तिने बिरामला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

३

सोलेन दुपारी आली. गॅलरीच्या पुस्तिका, पत्रं, फोटो सगळं ती बघायची. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली उंच, घाईघाईने चालणारी बाई. पूर्वी ती जुनी चित्रं दुरुस्त करायची, त्यामुळे ब्रश धरायला तिला शिकवावं लागलं नसतं. मोमारला हे आठवलं आणि त्याचा चेहरा कठीण झाला.

“तू आपल्या गिऱ्हाइकाला, दलोर्जला शब्द दिला होतास,” तो म्हणाला. “हे चित्र तुलाच मिळेल म्हणून.”

“संग्रहालय मध्ये यायच्या आधी,” सोलेन म्हणाली. “आणि तुला विचारून दिला होता. तू विसरतोस आणि मी खोटी ठरते, हे नेहमीचंच आहे.”

“किल्ली तुझ्याकडे आहे.”

“आहे. मासळीवाल्याकडेही आहे, कारण तू दर आठवड्याला तुझी विसरतोस.”

“मादाम सोलेन,” रोखाया मध्येच म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की दोघांनाही गप्प बसावं लागलं. “तुम्हाला या चित्राची नक्कल करायची असती, तर कशी केली असती?”

सोलेनने खुर्ची ओढली. “नवी काच चित्रावर ठेवून रेषा गिरवल्या असत्या. रंग भरून झाले की काच पालटायची.” ती थांबली. “नाही. पालटली की सगळं उलटं दिसेल. डाव्याचं उजवं.”

मोमारने टेबलावर थाप मारली. “बघ. स्वतःच सांगितलं.”

रोखायालाही क्षणभर तसंच वाटलं. ज्याला काचेवर काम करायची सवय नाही त्याच्या हातून हीच चूक होणार. गिरवलं, पालटलं, डावे हात उजवे झाले आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. सोलेनच्याही ते आत्ता बोलता बोलताच आलं. दलोर्जच्या कुठल्या भाडोत्री चित्रकाराच्याही आलं नसतं. उत्तर हातात आल्यासारखं वाटत होतं. पण तिने स्वतःला आवरलं आणि जमिनीवर बसून बाकीच्या काचा जुळवायला घेतल्या.

खूप वेळ लागला. मोमार डोक्यावर उभा राहून सुस्कारे टाकत होता. दुपारच्या नमाजासाठी ती उठली तेव्हा तो म्हणाला, “तोवर मी जुळवतो,” आणि त्याने आजीचं डोकं होडीला लावून ठेवलं. परत येऊन ते काढावं लागलं. साहेबांचा फोन दोनदा आला. दलोर्जचाही आला. चित्र फुटल्याचं कळलं म्हणाला, फार वाईट वाटलं, तुकडे विकणार का? मोमारने फोन ठेवून दिला.

काचा जुळल्या. रोखायाने पुस्तिका शेजारी ठेवली.

होडी फोटोत उजवीकडे होती, काचेतही उजवीकडेच होती. पूल जिथल्या तिथे, आजीच्या लुगड्याचा पदर त्याच खांद्यावर, कोपऱ्यातली सही सरळ. काहीच उलटं झालेलं नव्हतं. सगळं हुबेहूब होतं. फक्त ते दोन हात बदललेले होते.

“म्हणजे मी नाही,” सोलेन म्हणाली.

“पण कोण, तेही ठरत नाही,” रोखाया म्हणाली. सकाळी होतं त्याहून आता कमी कळत होतं.

४

इतकं अचूक काम करणाऱ्या माणसाला हात चुकावेत कसे? तिला तेवढंच सुटत नव्हतं. सोलेन निघून गेली. जाताना म्हणाली, संग्रहालयाला कळवायला हवं. मोमार म्हणाला, अजून नाही. बिरामचा फोन बंदच. रुआंच्या मावसभावाचा नंबर मिळाला. तो म्हणाला, बिराम माझ्याकडे येणार होता? मला कोणी सांगितलंच नाही, माझ्या घरी झोपायला जागा नाही.

“पोरीबिरीच्या मागे असेल,” मोमार वैतागून म्हणाला. “आजच नेमका. सहा महिने डोकं खातोय, काका, चित्र एकदा सेंट लुईला नेऊ द्या, मामला शेवटचं बघू द्या. म्हटलं, आधी संग्रहालय, मग बघू. मग बघू म्हणजे काय, विचारतो. एकदा त्यांच्या दप्तरात चढलं की बाहेर निघत नाही म्हणे. तेवढं मला कळत नाही का?”

“कळत होतं?”

मोमारने घड्याळ बघितलं. तो खजूर आणायला आत गेला.

सूर्य मावळत होता. रस्त्यावर मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका कोळसे विझवत होत्या. रोखायाने मनातल्या मनात उपास सोडायची दुवा म्हटली. एका हातात जपमाळ, मांडीवर फोन. मोमारने खजुराची बशी पुढे केली आणि तिने नकळत मोकळा हात पुढे केला.

मोमारने बशी मागे घेतली. “डाव्या हातानं? कुठे लांब निघालीस की काय?”

रोखायाने माळ खाली ठेवली. उजव्या हाताने खजूर घेतला, तोंडात टाकला, चावला, वर पाणी प्यायली. घाई करायची नाही, उपास नीट सोडायचा. पण तिचे डोळे मोमारच्या हातावर खिळले होते.

“काल संध्याकाळी,” ती म्हणाली, “बिरामनं तुला कोणता हात दिला?”

“सांगितलं ना, काखेत खोकं होतं…” मोमारचं वाक्य तिथेच थांबलं.

“खोकं खाली ठेवता येतं. नऊ वर्षं तुझ्या हाताखाली वाढलेला मुलगा तुला डावा हात देईल? दोन दिवसांसाठी रुआंला जाताना?”

मोमार खोक्यावर बसला.

“सकाळीच सांगितलंस आणि मी ऐकलं नाही,” ती म्हणाली. “आता हे हात बघ. सोलेननं नक्कल केली असती, तर डावे हात डावेच काढले असते, नाहीतर सगळं चित्र उलटं झालं असतं. दलोर्जच्या माणसाचंही तसंच. ज्याला या हातांचा अर्थ माहीत नाही, तो जसंच्या तसं उतरवतो. अर्थ माहीत असून ज्याला काही वाटत नाही, तोही तसंच करतो. हे हात बदलणारा एकच माणूस असू शकतो. ही काच आपणच फोडणार, हे त्याला ठाऊक होतं. आणि निरोपाचा डावा हात फोडायची त्याची हिंमत झाली नाही. तो हात फुटला तर गेलेला माणूस परत येत नाही, असं ज्याला मनातून वाटतं तो.”

“आणि तो स्वतःच निघाला होता,” मोमार हळूच म्हणाला.

“आजीचे रंग खलत मोठा झाला. काचेवर कसं रंगवायचं ते त्याला येतं. पॅरिसमध्ये फुटक्या काचेतले हात कोण बघतंय, असं वाटलं असेल. तू निघालास तेव्हा मूळ चित्र त्या खोक्यात होतं आणि भिंतीवर नक्कल.”

“ते खोकं माझ्या नाकासमोरून गेलं, रोखाया. माझा हात हातात घेऊन.”

५

सेंट लुईचा फोन लागायला बराच वेळ गेला. आधी एका बाईने उचलला, मग मुलांचा गोंगाट, मग कोणीतरी कोंबडीला हाकललं. शेवटी बिराम आला.

“आत्या,” तो म्हणाला. रोखायाचा आवाज ऐकून त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “तुम्ही आहात होय. मला वाटलं, कोणी फ्रेंच साहेब येईल.”

“चित्र नीट आहे?”

“मामच्या मांडीवर आहे. नाक लावून बघतेय. दुपारपासून होडीपर्यंत पोचलीय.”

मोमारने फोन हिसकावून घेतला. “पंधरा वर्षं, बिराम. उद्या गाडी येणार आहे. मी त्यांना काय दाखवू, भोक? लोकांनी आता म्हणायचं काय, की सुनुगालवाले आपलीच चित्रं चोरतात?”

“फुटलं म्हटलं असतं, तर तुम्हाला विम्याचं मिळालं असतं, काका. कोणी शोधलं नसतं. पुढे मीच घेऊन येणार होतो, सापडलं म्हणून. कसं सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं.”

“वा. फारच छान योजना.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. किती वेळा विचारलं?”

मोमारने फोन रोखायाकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “लिही,” तो म्हणाला. “चोरी लिही. खरं तेच लिहितेस ना तू?”

“चोरी लिहिली तर पोलिसांकडे जाईल. त्याची नवी कागदपत्रं जातील. तो परत येणार नाही, आणि चित्रही.”

“मग अपघात लिही.”

“खोटं मी लिहीत नाही, मोमार. उपास सोडलाय म्हणून काही तोंड मोकळं झालेलं नाही.” तिने जपमाळ पुन्हा हातात घेतली. “मी एकच विचारते. त्यानं डावा हात पुढे केला. तू धरलास का?”

“मला काय माहीत, मी घाईत होतो…”

“धरलास का?”

“धरला.”

“आपल्यात डावा हात धरणारा काय सांगत असतो? जा, आणि परत ये. तू त्याला जायला सांगितलंस. खोकं तुझ्या डोळ्यांसमोर होतं. आता तू म्हणालास की चित्र तुझ्या परवानगीनं चित्रकाराला दाखवायला गेलंय, तर ते खरं होईल. मी लिहीन की फुटली ती नक्कल, मूळ शाबूत, नुकसान नाही. पण म्हणायचं तू. तुझ्या तोंडचे शब्द मी बनवणार नाही.”

 मासळीवाल्याने शटर ओढल्याचा आवाज आला, आणि त्यावर मोमार चिडून म्हणाला, “हे बरं ऐकू येतं.” मग त्याने फोन मागून घेतला.

“बिराम. चित्र माझ्या परवानगीनं नेलंयस. ऐकलंस? आणि खोकं नीट बांधून आण. तुला शिकवलं होतं तसं. नाहीतर पाय ठेवू नकोस इथे.”

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाई गाडीबरोबर आल्या आणि रिकाम्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मोमारने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, फारच सुंदर रिवाज आहे, पण आमच्या समितीला तारखा लागतात. भिंत दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. पुढच्या बैठकीत पुन्हा बघू.

“पुन्हा बघू,” मोमार नंतर रोखायाला म्हणाला. “मी त्या पोराला सहा महिने हेच सांगत होतो.”

६

पावसाळा संपल्यावर बिराम आला. रोखाया त्या दिवशी फाईलवर सही घ्यायला गॅलरीत होती, चहाची दुसरी फेरी चालली होती. बिरामने खोकं भिंतीला टेकवून ठेवलं, दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकलेलं, अगदी शिकवल्यासारखं. मग तो मोमारपुढे येऊन उभा राहिला आणि उजवा हात पुढे केला.

मोमारच्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्याने खाली ठेवला नाही. फुंकर मारली, एक घोट घेतला, आणखी एक घेतला. बिराम हात पुढे करून तसाच उभा होता.

“दिसलं का तिला?” मोमारने विचारलं.

“हात दिसले. मग म्हणाली, पुरे, आता काढून ठेव.”

“आणि आता?”

“आता उजेडही नाही.”

मोमारने ग्लासात बघितलं. “निघताना तिला कोणता हात दिलास?”

“डावा,” बिराम म्हणाला. “तिनं चाचपून बघितला. डावाच आहे ना, दोनदा विचारलं.”

मोमारने ग्लास खाली ठेवला.